नरहरी तात्यांची काळी जीभ

नरहरी तात्यांनी तुम्हाला चांगलं म्हटलं, तर त्या दिवशी विहिरीच्या काठाला जाऊ नये, आणि जमलं तर झाडाखालीही बसू नये. एवढं आमच्या गावात रांगतं पोरही जाणून होतं.

तात्या माझे थोरले चुलते. आमची शेती म्हणजे कळंबच्या वाटेवर ओढ्याकाठचा एक तुकडा. त्यात एक विहीर, बैलांची एक जोडी आणि तात्या. या सगळ्यांवर तात्यांचा जीव होता, म्हणूनच ते सगळ्यांना शिव्या घालत. विहिरीला ते डबकं म्हणत. त्या डबक्याचं पाणी असं गोड, की पाहुणे भाकरी त्यातच बुडवून खात आणि कालवण नको म्हणत. बैलांची नावं मुडद्या आणि उकिरड्या. येडशी स्टेशनात आगगाडी अडली असती, तर या जोडीनं ती बार्शीपर्यंत ओढून नेली असती आणि येताना रिकामं यायला नको म्हणून परत आणली असती. कळंबच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं जोडीकडं नुसतं पाहिलं, तर तात्या म्हणाले, "नका बघू मालक. एक आंधळा हाय, आन् दुसरा त्याच्यावर इसवास ठिवतोय."

कुणी पीकपाण्याचं कौतुक करू लागला की तात्या आभाळाकडं बोट दाखवून त्याला गप्प करत. "हळू. वरचा ऐकतोय." राज्य निजामाचं होतं, पण तात्यांना धास्ती त्याच्याही वरच्या सरकारची. चांगलं दिसेल ते उचलून न्यायचं, ही म्हणे दोन्ही सरकारांची एकच रीत.

त्या काळी शेतकऱ्याच्या ज्वारीतून सरकारी कोठारात लेव्ही घालावी लागे. पीक बघायला महसुलाचे अंमलदार, गिरदावर साहेब, घोड्यावर बसून आले. सगळ्या गावानं आधीपासून रडायची तयारी करून ठेवलेली. एकट्या तात्यांना तयारीची गरज नव्हती. ते रोज बोलायचे तेच बोलले. ज्वारी अशी वाढलेली, की साहेब घोड्यासकट आत शिरले तर फेट्याचा तुरासुद्धा दिसेना. आतून आवाज आला, "क्यों रे, ये क्या है?"

"गवत हाय साहेब," तात्या म्हणाले.

साहेब कणसांना थडकत बाहेर आले आणि संतापून त्यांनी दुप्पट लेव्ही लिहिली. तात्या शांतपणे घोड्याजवळ गेले. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "जनावर मात्र लई देखणं हाय हो साहेब." घोडं ओढ्यापर्यंत नीट गेलं, पाण्यात बसलं आणि साहेबांनी कुराणाची शपथ घातली तरी उठेना. साहेब कळंबला पायी गेले. घोडं तिसऱ्या दिवशी आपणहून उठून निघून गेलं. कुणी म्हणतं हैदराबादेला, तक्रार द्यायला.

त्यानंतर तात्यांकडं माणसांची रीघ लागली. कुणाला वाटे त्यांनी भावकीचं कौतुक करावं, कुणाला वाटे सासूचं. पोलीस पाटलाबद्दल दोन गोड शब्द बोला म्हणून तर निम्मा गाव हात जोडून उभा होता. तात्यांनी कुणालाही दाद दिली नाही. आणि गाव काय म्हणे? तात्यांसारखा सज्जन माणूस नाही. हे कानावर पडलं की तात्या तोंड कडू करून उठून जात.

अशा घरात माझी पहिली मुलगी जन्माला आली. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्या साली वाटांवर लुटालुटीची धामधूम होती, म्हणून गोदावरीला, म्हणजे माझ्या बायकोला, आम्ही घरीच ठेवलं. ऐन सुगीत, भर दुपारी सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "लक्ष्मी आली. केतकीच्या पानावाणी गोरी."

"बेडकी झाली म्हण," तात्या म्हणाले, आणि त्यांनी आभाळाकडं पाहिलं.

सोयर आलं. सोयरात राशीला हात लावायचा नाही, म्हणून खळ्यावरची ज्वारी तशीच पडली आणि तात्यांना दिवसभर दारात बसायला मोकळीक मिळाली. बाळ बघायला येणाऱ्या बायांना ते उंबऱ्यातच सांगत, "बघण्यासारखं काय न्हाय. नाक न्हाय, केस न्हाय, अक्कल तर आमच्या घरात कुणालाच न्हाय." पोरीला झोप लागावी म्हणून बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा त्यांनी काढून ठेवल्या, विचारलं तर म्हणाले, बैलांचं डोकं उठतंय. दुधाला कुठून तरी शेळी आणली; म्हणाले, वाटेत आडवी आली. पण गोदावरीला बाजेवर पडल्या पडल्या ऐकू यायचं ते फक्त बेडकी, उंदरी आणि वांगं.

बारशाच्या दिवशी तिनं हत्यार उपसलं. चुलतसासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायची आमच्यात रीत नाही. म्हणून ती माझ्याशी बोलली, पण अशा आवाजात, की ओढ्यापलीकडच्या मेंढरांनी माना वर केल्या. तिला पाटल्या नको होत्या, लुगडं नको होतं. मामंजींनी पाळण्याशी उभं राहून, चार बायांच्या देखत, लेकीला एक चांगला शब्द बोलावा. नाहीतर ती पोरगी घेऊन पायी माहेरी निघाली. तिनं गाठोडंही बांधलं होतं. ज्या वाटांना भिऊन आम्ही तिला अडवलं, त्याच वाटांनी ती निघणार होती, आणि गोदावरी बोलली म्हणजे निघणारच.

तात्या उठले आणि गोठ्यात जाऊन बसले.

पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या, तात्या येईनात. मी गोठ्यात गेलो. म्हटलं, खोटंच बोला, पण बोला. तुम्हाला काय, एका शब्दाचा प्रश्न.

ते मुडद्याच्या पाठीवरची गोचीड काढत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आमाला बी एक लेक व्हती. तुझ्या जल्माच्या आधी. अशीच सुगी व्हती. खांद्यावर घेऊन खळ्यावर गेलो आन् चार लोकांत म्हणलो, माझ्या लेकीसारखी लेक या मुलखात न्हाय." गोचीड चिरडून त्यांनी हात पुसले. "रास घरी यायच्या आत गेली."

चुलतीला मूलबाळ नव्हतं एवढंच मला ठाऊक होतं. ती जाऊनही वर्षं लोटलेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तात्या, तवा देवीची साथ आली असंल."

"आल्तीच की. साऱ्या गावाला आल्ती, ते मला बी कळतंय," तात्या म्हणाले. "पर बोललो मीच व्हतो."

मी घरात आलो आणि गोदावरीला सगळं सांगितलं. ती गाठोड्याकडं बघत बसली. मग तिनं पदर पुढं ओढला, पोरीला उचललं आणि जमलेल्या बायकांमधून वाट काढत ती थेट गोठ्यात गेली. मी मागोमाग.

तात्या गडबडून उभे राहिले. तिनं पोरगी त्यांच्यापुढं धरली.

"मामंजी, धरा हिला," ती म्हणाली. "लई भिकार पोरगी हाय. रडून रडून जीव खाल्लाय माझा."

तात्यांनी हात पुढं केले. न जाणो म्हणून मी खाली हात धरून उभा राहिलो.

"आन् तुमी बी काय धड न्हाय," पदराआडून ती म्हणाली. तिचा आवाज आता अगदी हळू होता. "तुमच्यासारखं वंगाळ माणूस मी कुठंच बघितलं न्हाय."

बाहेर बायका पाळण्याशी ताटकळल्या होत्या. कुणीतरी मला हाक मारली. तात्या हलले नाहीत. पोरीला छातीशी धरून, खाली मान घालून ते तसेच उभे होते.

"पोरी," ते गोदावरीला म्हणाले, "आनखी बोल की काई."