खंडागळे सर आणि बटणाचं रीळ

मासेमारीचा रॉड विकत घ्यायचा झाला, की खंडागळे सर त्याचं टोक दुकानदाराच्या गळ्याला लावतात आणि म्हणतात, "बोला."

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत दोर, जाळी आणि ताडपत्र्या विकणारं एक दुकान आहे. तिथं मी हे पहिल्यांदा पाहिलं. दुकानदार मान ताठ करून बसला होता, त्याच्या कंठाला रॉडचं टोक टेकलेलं, आणि दुसऱ्या टोकाला मूठ आवळून, डोळे मिटून खंडागळे सर उभे.

"काय बोलू, सर?"

"काही बी बोला. नाव सांगा, गाव सांगा."

दुकानदारानं नाव सांगितलं. गाव अजिंठा, तिथली शेती धाकटा भाऊ बघतो, हेही सांगितलं. सरांनी डोळे उघडले.

"अजिंठा मुठीपर्यंत आलं. भाऊ काय आला नाय. दुसरा दाखवा."

दुकानदारानं निमूटपणे दुसरा काढला. त्याला सवय होती.

यामागचं शास्त्र सरांनी मला परतीच्या वाटेवर स्कूटरवरून ओरडून समजावलं. मासा पाण्याखाली आमिषाला तोंड लावतो, ते इतकं हळू असतं की डोळ्याला दिसत नाही. ते रॉडमधून चालत चालत आपल्या हातात यावं लागतं. गळ्यातली थरथर मुठीत येत असेल, तर मासाही येईल. मला ही थाप वाटली होती. मग घरी बायकोच्या गळ्याला सरांचा एक रॉड लावून पाहिला. ती जे बोलली ते सगळं मुठीत आलं. इथं लिहिण्यासारखं नाही.

सर आमच्या सिडकोतल्या गल्लीत समोरच्या घरात राहतात. आयटीआयमध्ये फिटरचे निदेशक होते, आता निवृत्त. उंची बेताची, मिशी पांढरी, खिशात कायम एक छोटी पक्कड. मासेमारीचा नाद कसा लागला असं कुणी विचारलं, तर म्हणतात, "आडनावातच गळ हाय. मी काय करणार?" घरात अकरा रॉड आहेत. लोक हॉलमध्ये शोकेस करतात, सरांनी भिंतीला लाकडी खाचा करून रॉड उभे केलेत. एकदा काकूंनी त्यातल्या एकानं जळमटं काढली. सर चिडले नाहीत. "टोकाला काय जाणवलं?" एवढंच विचारलं.

मी विमा कंपनीत काम करतो. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, एखादा शांत छंद लावून घ्या. समोरच्या घरात अकरा रॉड उभे असताना मी आणखी लांब कशाला जाऊ? एका रविवारी सकाळी गेलो आणि म्हणालो, "सर, मलाही एक रॉड घ्यायचाय. कोणता घेऊ?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आधी पाणी सांगा."

"म्हणजे?"

"कुठल्या पाण्यावर बसणार? धरण का तलाव का नदी? तळाला गाळ हाय का दगड? पाणी ठरलं की मासा ठरतो. माशावरून आमिष, आमिषावरून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, तंगुसावरून रीळ, आणि सगळ्यात शेवटी रॉड. लोक दुकानात जाऊन उलटं सुरू करतात. मग तंगूस तुटतं आणि माशाला नावं ठेवतात."

मला यातलं एकही माहीत नव्हतं. सर खूश झाले. "बरं हाय. कोरी पाटी."

अशा रीतीनं माझे रविवार सुरू झाले. सकाळी नऊला चहा, मग धडा. सरांचा अभ्यास मोबाइलवरच्या अमेरिकन व्हिडिओंवर झालेला. तिकडं बास नावाचा मासा आहे आणि त्याच्यापायी लोक नोकऱ्या सोडतात म्हणे. आपल्याकडं बास नाही. "पण सोभाव बघितला तर आपली मरळच," सर म्हणायचे. "झाडोऱ्यात दबा धरून बसायचं, समोरून काही गेलं की झडप. म्हणून बासचा रॉड मरळीला चालतो. नाव वेगळं, राग एकच."

एक रविवार फक्त रॉडवरच्या कड्यांवर गेला. कडीला बारीक तडा असेल तर तंगूस घासून तुटतं, म्हणून प्रत्येक कडीतून कापूस फिरवायचा. कापसाचा तंतू अडकला, की कडी बाद. एका रविवारी रॉड वाकतो कुठून, टोकापासून की मधून, याचा धडा झाला. पुढचा पंधरवडा मला गच्चीवर छत्री फिरवायला लावली, मनगट तयार व्हावं म्हणून. बायकोला शेजारच्या बाईंनी विचारलं, "भाऊजींचं बरं आहे ना?"

रिळाच्या ब्रेकचा धडा मी विसरणार नाही. सरांनी तंगुसाचं टोक माझ्या मनगटाला बांधलं आणि गल्लीच्या तोंडाशी बोट दाखवून म्हणाले, "तुम्ही मरळ हाय. पळा."

मी पळालो. मागून रीळ किरकिरलं, तंगूस सुटत गेलं, मग हळूहळू ताण वाढला.

"सरळ काय पळता, साहेब? मरळ वळती! वळा!"

मी दुधाच्या केंद्राशी वळलो. सरांनी मला सावकाश, तंगूस न तोडता, दारापर्यंत ओढत आणलं. आख्खी गल्ली ओट्यावर उभी होती. "ब्रेक लई घट्ट ठेवला असता तर तुम्ही तोडून गेला असता," सर म्हणाले. "लई ढिला ठेवला असता तर तुम्ही जालन्याला." त्या दिवशी माझा रक्तदाब किती होता, कुणास ठाऊक.

दुकानातही आम्ही चार-पाच वेळा गेलो. दर वेळी सर काही ना काही खोट काढायचे. हा जड, तो मऊ, त्याची मूठ घामाला सटकेल. एकदा दुकानदारानं कंटाळून मला थेट एक रीळ दाखवलं. बंद डबीसारखं, मागं एक बटण. अंगठ्यानं बटण दाबायचं, फेकताना सोडायचं, झालं. "नवशिक्याला बरं पडतं," तो म्हणाला.

सरांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, बटण दोनदा दाबून पाहिलं आणि परत ठेवलं. "हे रीळ नाय. डोअरबेल हाय."

चार महिने झाले. मला माशांचे दात किती, इथपर्यंत माहिती झाली होती. रॉड मात्र मिळाला नव्हता. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, की या चार महिन्यांत सर स्वतःही एकदा पाण्यावर गेलेले नाहीत. "एखाद्या रविवारी जाऊन तर येऊ," असं मी म्हणालो, की कधी पाणी गढूळ असायचं, कधी वारं उलटं, कधी हवेचा दाब. दाबाचं ते मोबाइलवर दाखवायचे. मला त्यातलं काही कळायचं नाही.

एका रविवारी मी गेलो, तेव्हा सर खारी आणायला बाहेर पडले होते. काकूंनी दार लावून घेतलं. आतल्या खोलीत गेल्या आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक घेऊन आल्या.

"तुमचाच आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच आठवड्यात आणून ठेवलाय. रीळ बी बसवलंय."

मी चादर सोडवली. साडेसहा फुटी, हलका, काळा रॉड. माझ्या हातात असा बसला, की माझंच मनगट बघून केला असावा.

"मग दिला का नाही?"

"दिला असता तर तुम्ही कशाला आला असता?" काकू म्हणाल्या. त्यांनी ते अगदी साधेपणानं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. "हमीदभाई पडल्यापासून ह्यांना बोलायला कुणी नाही. अकरा काठ्यांशी किती बोलणार माणूस?"

तेवढ्यात सर आले. माझ्या हातातला रॉड त्यांनी पाहिला, काकूंकडं पाहिलं, खारीची पिशवी टेबलावर ठेवली. बराच वेळ खारी बशीत नीट मांडत राहिले.

"हमीदभाई कोण, सर?" मी विचारलं.

हमीदभाईंचं शहागंजकडं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. सर एकदा हातातलं घड्याळ घेऊन गेले, तर काउंटरखाली उघडून ठेवलेलं रीळ दिसलं. तिथून तीस वर्षं दर रविवारी दोघं पाण्यावर. नाथसागर म्हणू नका, करमाडकडचे पाझर तलाव म्हणू नका. "रॉड मी निवडायचा, रीळ त्यानं उघडायचं. त्याचा हात लागलेलं रीळ आवाज करत नसे." दोन वर्षांपूर्वी हमीदभाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, चालणं काठीवर थोडंफार आलं, हात आला नाही. सर त्यांचा रॉड घेऊन घरी गेले, तर ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "सर, ये सब बेच डालो."

"विकला?"

"नाय. खाचेत हाय, डावीकडून तिसरा." सरांनी खारीची बशी माझ्याकडं सरकवली. "आता जातो महिन्यातून एकदा. हवापाण्याचं बोलतो. मासळीचं बोलत नाय. मग उठतो."

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "एका हातानं चालेल असं काही मिळत नाही का?"

सर भडकले. "एक हात रॉड धरायला, दुसरा रीळ फिरवायला! चार महिने काय शिकलात?" मग अंगठा हवेत हळूच दाबल्यासारखा केला, पुन्हा सोडला. खारी न खाता उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी सरांनी ती डोअरबेल विकत आणली. दुकानदार मला नंतर सांगत होता, गळ्याला रॉड न लावता सर पहिल्यांदाच काही घेऊन गेले.

फेकायचं काम अंगठ्यानं होणार होतं. पण रीळ फिरवताना रॉड धरणार कोण? तिथं सरांमधला फिटर जागा झाला. जुना चामड्याचा पट्टा, पाइपचा तुकडा, स्कूटरच्या सीटचा फोम. पट्टा कमरेला बांधायचा, फेकून झालं की रॉडची मूठ पाइपात खोचायची, डावा हात रिळाला मोकळा. पंधरा दिवस रोज सकाळी सर गच्चीवर उजवा हात काकूंच्या ओढणीनं अंगाशी बांधून गळाऐवजी शिशाचा गोळा फेकत होते. तो दोनदा आमच्या पाण्याच्या टाकीवर पडला. मी तक्रार केली नाही.

मग आम्ही हमीदभाईंकडं गेलो. उंच, हाडकुळा माणूस, खिडकीजवळ पलंगावर बसलेला, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. सरांनी रॉड आणि पट्टा पुढं ठेवला. हमीदभाईंनी आधी तोंड फिरवलं. मग रिळावर नजर गेली आणि त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली.

"सर? आप? ये बच्चों का खेल?"

"व्हय. मी," सर म्हणाले.

"कायकू लाए? मेरेकू नक्को."

सरांनी रॉड तिथंच राहू दिला. हमीदभाईंनी थोड्या वेळानं डाव्या हातानं रॉड उचलला, बटण दाबलं, रीळ कानाशी नेलं. पुन्हा दाबलं.

"अंदर सूखा है," ते म्हणाले. "ग्रीस कौनसा डाले?"

"काहीच नाय घातलं."

"ऐसेच चलाओगे? दो दिन में दाँते घिस जाते. खोलो."

त्यानंतर अर्धा तास मी फक्त पाहत होतो. स्क्रू सर सोडवत होते, हमीदभाई डाव्या हातानं एकेक भाग उचलून उजेडात धरत होते आणि सरांना शिव्या देत होते. सुनेनं चहा आणला तो तसाच गार झाला. रीळ बंद झाल्यावर हमीदभाईंनी ते फिरवलं. आवाज आला नाही.

"इतवारकू कित्ते बजे?" त्यांनी विचारलं.

करमाडच्या अलीकडं आत वळलं की एक लहानसा तलाव आहे. माझ्या गाडीतून गेलो. सरांनी आणि मी मिळून हमीदभाईंना उतारावरून खाली नेलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला. पहिली फेक पायाशी पडली, दुसरी बाभळीत अडकली. तिसरी पाण्यात गेली. फार लांब नाही, पण पाण्यात. मी माझा नवा रॉड काढून थोडा लांब बसलो आणि पहिल्याच फेकीत तंगुसाचा असा गुंता केला की सरांनी एरवी मला तासभर सुनावलं असतं. त्यांचं लक्षच नव्हतं. स्वतःचा रॉड त्यांनी पिशवीतून काढलाही नाही. खुर्चीच्या मागं उभे होते.

तासाभरानं टोक हललं. हमीदभाईंनी मूठ पाइपात खोचली आणि डाव्या हातानं रीळ फिरवायला लागले. रॉड डोलत होता. सरांनी दोन्ही हात पुढं केले होते, सायकल शिकणाऱ्या पोराच्या मागं धावताना धरतात तसे, पण कशालाच लावले नाहीत. तोंडातून शब्द काढला नाही. किती घट्ट, किती ढिलं, काही नाही.

चिलापी निघाली. तळहाताएवढी.

हमीदभाई तिच्याकडं बघून हसले, अर्ध्या तोंडानं, पण मोठ्यानं. "छोड दो, सर. छोटी है."

सरांनी गळ काढला, मासा दोन्ही हातांत धरून पाण्याशी गेले आणि गुडघे टेकून हात पाण्यात सोडले. मासा लगेच गेला, मला बसल्या जागेवरून दिसला. सर उठले नाहीत. आमच्याकडं पाठ करून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तसेच बसून राहिले. त्यांचे खांदे मधूनच हलत होते.

मला वाटलं, उठताना त्यांच्या गुडघ्यांना त्रास होत असेल. मी उठायला लागलो.

हमीदभाईंनी डावा हात वर करून मला थांबवलं.

"अब्बी नक्को बुलाओ उनकू," ते हळू आवाजात म्हणाले. "बैठने दो थोडा."

मी परत खाली बसलो आणि माझ्या तंगुसाचा गुंता सोडवायला घेतला.