तीन बाजारांची भेंडी

सुभद्रामावशीकडे तुम्ही भेंडी घ्यायला बसलात, की ती भेंडीकडे बघत नाही, तुमच्या अंगठ्याकडे बघते. तिचं दुकान म्हणजे वाशीमच्या आठवडी बाजारात अंथरलेलं एक पोतं आणि एक तराजू. भेंडी कोवळी की जून, हे पाहायला आपण तिचं टोक कडकन मोडतो ना? बस्स! तिथं तुमची कुंडली तिच्या हातात.

"पाह्यलं? दहा मोडल्या अन् दोन घेतल्या. याची बायको सुखात नसन," ती गिऱ्हाइकाची पाठ वळायच्या आत सांगते. तेही मोठ्यानं. गिऱ्हाईक ऐकतं, चरफडतं, पण माल ताजा असतो म्हणून पुढच्या बाजारी पुन्हा येतं.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. मावशी मला प्राध्यापक मानत नाही, मास्तर म्हणते. आमच्या शास्त्रात माणसाचा स्वभाव पाच गुणांवर मोजतात: नव्याची आवड, शिस्त, बोलकेपणा, जुळवून घेणं आणि काळजी करत बसणं. त्यासाठी प्रश्नावली असते. मी एकदा स्वतःचीच भरली. 'मी इतरांचं शांतपणे ऐकून घेतो' यासमोर पाचपैकी पाच. बायकोनं तो कागद वाचला आणि हसून हसून तिला उचकी लागली. मी तिच्यावर ओरडलो, ते वेगळं.

हे शास्त्र मी मावशीलाही समजावून सांगितलं.

"म्हंजे मानूस कसा हाये, हे तुमी त्याले सोतालेच इचारता?"

"हो."

"अन् थो खरं सांगते?"

मी पिशवी उघडून भेंडी निवडायला लागलो.

"बाप्पा! मंग चोरालेच काहून नाई इचारत, बाबू, चोरी केली काय म्हनून?"

पण अंगठा एकदा बघून ती निकाल कायम करत नसे. "एखांद्या दिवशी मानूस घरून भांडून येते. तीन बाजार पाहाले लागते," हा तिचा नियम. स्वभाव म्हणजे एका दिवसाची लहर नव्हे, हे मी वर्गात दोन तास घसा फोडून सांगतो. हिनं दोन वाक्यांत आटोपलं. खरं सांगतो, रागच आला मला.

"तुझ्या परीक्षेत आजवर पास कोण झालं?" मी एकदा तिला डिवचलं.

"एक झालता," ती म्हणाली आणि तराजू पुसायला लागली. कोण म्हणून विचारलं, तर म्हणे, "भेंडी घेता का जाता?"

पुढे आमच्या मीराचं लग्न जमत आलं. मुलगा मंगरूळपीरचा, नोकरी वाशीमलाच. मीराला पसंत, तिच्या आईला पसंत. अडलं होतं माझ्या होकारावर. एकुलती एक पोरगी, मला 'हो' म्हणवेना. मुलाला प्रश्नावली दिली. पठ्ठ्यानं सगळीकडे पाचपैकी पाच गुण घेतले. म्हणजे थेट माझ्यावरच गेला की हा! मी घाबरून मावशीला गाठलं.

"त्याले माह्याकडं भेंडी घ्याले धाडा. पन सांगू नका काई."

"होणाऱ्या जावयाला भाजी आणायला पाठवता? जनाची नाही तर मनाची तरी!" बायको कडाडली. पण तो बाजाराच्या दिवशी मीराला भेटायला यायचाच. मी हातात पिशवी दिली. बिचारा गेला. दोन बाजार त्यानं जी भेंडी आणली, ती पाहून बायकोनं कपाळावर हात मारला. एकीलाही टोक नाही! लोकांनी मोडून टाकलेली, मावशीनं बाजूच्या टोपलीत सारलेलीच हा उचलून आणत होता. ज्याला भाजी कळत नाही, त्याला पोरगी काय कळणार? मी नकार पक्का केला.

तरी तिसऱ्या बाजारी मी त्याच्या मागोमाग गेलो आणि कांद्याच्या ढिगाआड उभा राहिलो. त्यानं पुन्हा मोडकीच उचलली.

"काहून रे, मोडकीच काहून घेतं?" मावशीनं विचारलं.

"घरी नेऊन चिरायचीच आहे ना मावशी? मग मोडली काय अन् नाही काय."

मावशीचा हात तराजूवरच राहिला. तो गेला तरी ती तशीच बसून. मी पुढे झालो. "पास की नापास?"

"असंच म्हने," ती म्हणाली.

"कोण?"

"आमचे हे. माह्या बापाच्या दुकानी येत. दर बाजारी मोडकी भेंडी. बाप म्हने, हा येडा हाये, याले पोरगी देऊ नाई. मी म्हनलं, मले येडाच पाह्यजे." ती हसली. "थे गेले तवापासून उरलेली मोडकी मीच घरी नेतो. एकटीच रांधतो, एकटीच खातो."

मी तिच्या पोत्याशेजारी खाली बसलो.

"पोरगी देऊन टाका मास्तर," ती म्हणाली. मग मोडक्या भेंडीच्या रिकाम्या टोपलीकडे बघून एकदम वैतागली. "पन त्या लेकानं समदी नेली न! आता मी सांजच्याले काय खाऊ?" आणि पदर डोळ्याला लावला.

मी तिचा तराजू उचलला. "चल घरी."

"मी कोनाच्या घरी जेवत नाई," असं सबंध रस्ताभर म्हणत ती आली. बायकोनं तीच भेंडी केली होती. जावई ताटं मांडत होता. मावशी त्याच्या शेजारी बसली आणि तिनं तीनदा भेंडी मागून घेतली.

"हेच भेंडी मी रोज खातो," ती त्याला म्हणाली, "पन आज लय दिवसानं तिले चव आली, बापा."