लोड वर हाय!

बबनअण्णा लग्नाच्या पंगतीत तोंडानं काही मागत नाहीत. वाढपी आमटी घेऊन आला की ते तर्जनी खाली रोखून गोल फिरवतात. म्हणजे 'सावकाश खाली घे'. मग पंजा ताठ उभा. म्हणजे 'थांब'. गेल्या लग्नात एका नवख्या वाढप्यानं 'गोल फिरवून वाढा' असा अर्थ लावला आणि अर्धी आमटी अण्णांच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर वाढली.

अण्णा आमचे शेजारी, मोशीतल्या जुन्या शेतकरी घरातले. तीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे ठोकून घडवायच्या खात्यात होते. वर क्रेन, खाली उभे राहून तिला इशारे देणारे अण्णा आणि मधे लोंबकळणारं टनावारी लोखंड. मशिनींच्या धडधडीत शब्द ऐकूच यायचा नाही, म्हणून सगळा कारभार हातांनी. अण्णा रिटायर झाले, हात नाही झाले. सोसायटीत कुणी गाडी मागे घेऊ लागलं की अण्णा हजर. कुणी घाई केली की ठरलेलं वाक्य, "सावकाश राव, लोड वर हाय!" चहाचा ट्रे आणणाऱ्या सुनेलासुद्धा हेच.

आणखी एक खोड. विनोद झाला की सगळे हसून घेतात आणि मग अण्णा हसतात, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. त्यांची ट्यूब जरा उशिरा पेटते, असं मी धरून चालले होते.

मी इथल्या शाळेत पहिलीला शिकवते. यंदा वर्गात नाझिया आली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. खिडकीशी बसायची आणि बाकीची हसली की तीही हसायची. तिचे वडील, गॅरेजवाले युनूसभाई, एकदा म्हणाले, "म्याडम, कुणी बोलतच नाय तिच्याशी. दिवाळीपर्यंत बघतो, नाय तर घरीच ठेवतो."

मी ही काळजी अण्णांना सांगितली. दोनदा सांगावी लागली.

"हात्तिच्या! हाताचीच भाषा न्हवं? आमी तीस वर्सं तीच बोललो!"

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट आणि पिवळं हेल्मेट घालून अण्णा वर्गात. तर्जनी वर करून फिरवली की सगळा वर्ग उभा, पंजा दाखवला की चिडीचूप. मी खूश! आठवड्याभरात माझी पहिलीची पोरं क्रेनला लोखंड उचलायला लावू शकत होती, पण नाझियाला 'पाणी हवंय का' विचारू शकत नव्हती. ती बिचारी आ वासून बघत होती.

शनिवारी अण्णांनी हेल्मेट काढलं. "म्याडम, ही भाषा लोखंडाची हाय. पोरीची येगळी."

मग अण्णा दोन बस बदलून पुण्यात सांकेतिक भाषेच्या वर्गाला जाऊ लागले. शिकवणारी बाई स्वतः कर्णबधिर, वयानं त्यांच्या नातीएवढी. पहिल्या बाकावर अण्णा. तिकडे शिकायचं आणि इकडे पोरांना द्यायचं. पाणी, डबा, मैत्रीण, रुसलीस का. मोठ्यांची बोटं अडखळतात, पोरांची भराभर वळतात. दिवाळीच्या आधीच नाझिया खिडकी सोडून मधल्या बाकावर आली, आणि हातांनी इतकी बडबडायला लागली की मला तिलाही दटावावं लागलं.

एक दिवस अण्णा मागे बसलेले असताना मी सार्थकला विचारलं, "तुझे पप्पा काय करतात?"

"झोपतात!" तो म्हणाला. पप्पांची थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी होती. वर्ग खो खो हसला. बाकावरच्या शेजारणीनं हातांनी सांगितल्यावर नाझियाही हसली. आणि सगळ्यांच्या नंतर, मोठ्यानं, अण्णा.

नाझिया हसता हसता थांबली. अण्णांकडे टक लावून पाहत राहिली. ते हसणं तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. तिनं त्यांना हातानं विचारलं, 'कळलं?'

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "काय झालं वं, म्याडम?"

"काही नाही, अण्णा," मी म्हणाले. सवयीनं. त्यांच्या घरीही सगळे हेच म्हणतात, हे मी कितीदा ऐकलं होतं! प्रेस शॉपनं अण्णांचे कान केव्हाच नेले होते आणि शेजारी राहून मला ते कळलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

नाझियानं माझ्यासमोर पंजा ताठ उभा धरला. पहिल्या आठवड्यातला, क्रेनचा. 'थांब.'

मग ती अण्णांसमोर गेली. सार्थककडे बोट दाखवलं, बोटानं ओठावर पप्पांची मिशी काढली, गालाखाली हात घेतला आणि तोंड उघडून झकास घोरली.

अण्णा त्या दिवशी एकाच विनोदावर दोनदा हसले. दुसऱ्यांदा हसताना ते शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते.