रामदासांचं रेलिंग

लालबागच्या त्या शाळेत रामदास बावीस वर्षं शिपाई होते. "आपल्या हातून शाळेचा खडूसुद्धा हरवला नाय!" हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत. त्या गुरुवारी ऐकवून होतंय तोच अनुजा मॅडम म्हणाल्या, "मग चालायचे दांडे कुठे गेले?"

मॅडम फिजिओथेरपिस्ट, दर गुरुवारी शाळेत यायच्या. कमरेइतक्या उंचीच्या दोन लोखंडी दांड्यांमधून आठ वर्षांची पूर्वी चालायला शिकत होती. दांडे न धरता दहा पावलं टाकली, की लेझीमच्या रांगेत तिचं नाव! आणि नावं आजच द्यायची होती. उद्यापासून गणपतीची सुट्टी.

रामदासांचा चेहरा उतरला. "मंडळाला दिलेत, मॅडम. दर्शनाच्या रांगेला रेलिंग कमी पडत होतं. बाप्पाचं काम, नाय कसं म्हणणार?"

"काका!" व्हीलचेअरमधून पूर्वी ओरडली. "माझे दांडे!"

पूर्वीची व्हीलचेअर ढकलत दोघंही मंडपाकडे धावली. दांडे बांबूंना सुतळीने असे आवळले होते, की सोडवेपर्यंत विसर्जन उजाडलं असतं! "इथेच चालू," म्हणत मॅडम पलीकडच्या टोकाला स्टूल टाकून बसल्या. रामदासांनी पूर्वीला उभं केलं.

आणि घोळ झाला. गणपती अजून यायचा होता. पण लालबागच्या माणसाला रेलिंग दिसलं, की त्याचे पाय आपोआप रांगेला लागतात. पाच मिनिटांत पूर्वीमागे तीस माणसं!

"कसली रांग हो?" शेवंतीकाकूंनी पुढच्याला विचारलं.

"ठाऊक नाय. पण नंबर सोडू नका!"

पूर्वीने हात सोडले. एक, दोन, तीन... चौथ्या पावलाला डगमगली आणि थांबली. मागे गलका सुरू झाला. रामदासांचा जीव टांगणीला! शाळेत बावीस वर्षं, पण मंडळाची रांग हलवण्यात तीस. तोंडातून सवयीने निघालंच, "चला, पुढे चला! थांबू नका!"

पूर्वी खुदकन हसली आणि निघाली. पाच, सहा... आता रांगही मोजू लागली. दहा! अकरावं पाऊल थेट मॅडमच्या मिठीत. रामदास चारचौघांत ढसाढसा रडले, आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

तेवढ्यात शेवंतीकाकूंनी पुढे होऊन मॅडमना नमस्कार केला आणि प्रसादासाठी हात पसरला.

मंडळाच्या पोरांनी कात्री आणून सुतळी कापली. दांडे खांद्यावर घेऊन रामदास घामाघूम होत शाळेच्या फाटकाशी पोहोचले, दम खायला टेकले आणि मागे वळले. व्हीलचेअरमध्ये पूर्वी, आणि तिच्यामागे अख्खी रांग!

"काका," पूर्वी ओरडली, "चला, पुढे चला! थांबू नका!"