मथुराबाईचे शून्य हात

माळेवाडीच्या हस्तमापन केंद्रात हात कोपरापासून काढून आठ दिवस जमा ठेवावे लागतात, आणि पावती दातांत धरून घरी यावं लागतं. गावात उजवे किती, डावरे किती, हे एकदाचं शास्त्रशुद्ध कळावं म्हणून ही सोय केली आहे. मथुराबाई कासारणीचे हात सोमवारी जमा झाले.

ते आठ दिवस शेजारच्या रतननं तिला काही कमी पडू दिलं नाही. दोन्ही वेळा भरवलं, वेणी घातली, नाकाला खाज सुटली तर तीही भागवली. मथुराबाई संकोचली की रतन म्हणायची, "गप खा. मंगळवारी माझ्या छायाचा चुडा तूच भरायचायस." चुडा दुसऱ्या कुणाकडून भरून घ्यायचा विचारही रतनच्या डोक्यात आला नव्हता, आणि यानंच मथुराबाईला भरून यायचं.

पुढच्या सोमवारी ती पावती घेऊन केंद्रात गेली. कुळथे मॅडम कागद उलटसुलट करत बसल्या होत्या.

"मावशी, अडचण आहे. झाडू, कात्री, काडेपेटी, चमचा, अशी दहा कामं देतो आम्ही. उजव्याच्या आकड्यातून डाव्याचा वजा करतो. तुमचे पाच-पाच आले."

"मग?"

"शून्य उरलं. हात शून्य. नसलेले हात परत कसे द्यायचे?"

"अवो, ते काय फळीवर हायेत की!" मथुराबाई म्हणाली. आपले हात तिनं केव्हाच ओळखले होते.

"दिसतात मलाही. पण कागदावर नाहीत. असे हात तीन वर्षं जिल्ह्याला अभ्यासाला पाठवतात."

तीन वर्षं रतननं भरवलं असतं, यात शंका नव्हती. पण छायाचा चुडा उद्यावर आला होता.

"बांगड्या भरायचं काम दिलंत का त्यांना?"

"यादीत नाही."

"मग ठेवा हात म्होरं."

कुळथे मॅडमनी फळीवरचे हात टेबलावर ठेवले, मथुराबाईच्या गळ्यात अडकवलेल्या पिशवीतल्या बांगड्या शेजारी मांडल्या आणि आपला डावा हात पुढे केला. टेबलावरच्या डाव्यानं त्यांचा पंजा अलगद दाबून धरला आणि उजव्यानं बांगडी चढवली. मॅडमनी उजवा हात पुढे केला. आता उजव्यानं पंजा धरला आणि डाव्यानं बांगडी चढवली. एकही बांगडी पिचली नाही. मॅडमनी चार वेळा हात बदलून पाहिले, चारही वेळा तसंच झालं.

त्यांनी आपली मनगटं हलवून पाहिली, बांगड्या किणकिणल्या. मोजमापात आवाज नको म्हणून अकरा वर्षं त्यांनी बांगडी घातली नव्हती. मग त्यांनी उजवा आणि डावा या रकान्यांशेजारी पट्टीनं एक नवा रकाना आखला आणि त्यात लिहिलं, 'समोरच्याचा हात कुठला, त्यावर.' खाली शिक्का मारला. बांगड्या भरल्यावर कासारणीला करतात तसा वाकून नमस्कार केला आणि हात बसवून दिले.

"लई उपकार झाले बाई," मथुराबाई म्हणाली. डोळे पुसायला तिला आता कुणाची गरज नव्हती.

मंगळवारी छायाचा चुडा भरून झाला. पोरीनं नमस्कार केला. पाठोपाठ रतन रीतीप्रमाणे वाकायला निघाली, तशी मथुराबाईनं तिला दंडाला धरून उभी केली आणि स्वतःच वाकली. उभ्या आयुष्यात ती गिऱ्हाइकापुढे कधी वाकली नव्हती.

"अगं, हे काय भलतंच!" रतन मागं सरली.

"आठ दिवस भरवलंस मला. हात जमा करायची तुझी पाळी कधी?"

"लग्न झालं की सोमवारी. दोन्ही हात."

"बरं," मथुराबाई म्हणाली. "भरवायला कितीला येऊ?"