झोळीची दोरी आणि क्यूबिट

"अर्ध्या तासात पीएचडी घेऊन बाहेर येते, आत्या! तवर चहा टाका," रोहिणीनं सासूला ऐटीत सांगितलं आणि खोलीचं दार लोटलं.

तयारी एकदम चोख! लॅपटॉप कणगीवर. सहा महिन्यांचा अंगद लुगड्याच्या झोळीत. झोळीची दोरी रोहिणीच्या पायाच्या अंगठ्याला. वरून तोंडी परीक्षा, खालून झोका!

"क्वांटम संगणकातल्या क्यूबिटला, म्हणजे माहितीच्या सगळ्यात लहान एककाला, हव्या त्या स्थितीत न्यायचं, तर मोजून झटका द्यावा लागतो. पण उपकरणाच्या झटक्याला मर्यादा असते, म्हणून चुका..."

"मग जोर वाढवा की!" पडद्यावरचे परीक्षक म्हणाले.

"असा कसा वाढवणार, सर?" रोहिणी तापली, आणि तिच्याआधी तिचा अंगठा तापला. झोळी थेट आढ्याकडं! अंगदनं असा भोंगा लावला, की मांजरसुंब्याच्या हायवेवरचे ट्रकही बाजूला झाले असते.

सासूबाई, सत्यभामाबाई, धावत आल्या. "सोड गं, मी निजवते!" त्यांनी दोरी अशी ओढली, जणू विहिरीतून म्हैस काढायचीय. लेकरू झोळीच्या काठावर!

"व्हा बाजूला. दमानं वढावं लागतंय," म्हणत सासरे धुळाजी सरसावले. इतकं दमानं, की दोन झोक्यांच्या मधे तेच घोरायला लागले. तेवढ्यात त्यांच्यामागून आलेली शेळी ओरडली. डोळे मिटत आलेला अंगद पुन्हा सुरू!

"मॅडम," परीक्षक म्हणाले, "मूल मोठं होऊ द्या. पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी? एका मांडीवर लेकरू, दुसरीवर वही घेऊन सोडवलेली गणितं काय वाळत घालायची?

"नाही, सर! आजच!" रोहिणीनं लॅपटॉप झोळीकडं वळवला. "बघा! आत्यांचा झटका लई मोठा, क्यूबिट झोळीबाहेर सांडणार. मामांचा झटका लहान, म्हणून वेळ लागला आणि शेळीनं घात केला. एकदम हिसका देऊन एकदम थांबवणंही हाताला जमत नाही. आहे त्या ताकदीत झटक्याला नेमका आकार द्यायचा, हाच माझा प्रबंध!"

तिनं दोरी धरली. हळूच सुरुवात, मधे जोर, हळूच शेवट. अंगदची इवली मूठ सैल झाली, ओठ झोपेत दूध ओढू लागले. पडद्यावरचे परीक्षकही पुढं वाकून बघू लागले.

"निजलं गं बया!" सत्यभामाबाई आनंदानं किंचाळल्या.

पुन्हा भोंगा!

"ही चूक तुमच्या प्रबंधात कुठं येते?" परीक्षकांनी विचारलं.

"भोवतालचा गोंगाट, सर. शेवटचं प्रकरण! त्यावर पुरता उपाय अजून जगात कुणाकडंच न्हाई!"

परीक्षकांना हसू आवरेना. "मान्य! अभिनंदन, डॉक्टर!"

डॉक्टर रोहिणी लेकराला काखोटीला मारून ताठ मानेनं स्वयंपाकघरात आल्या. अर्ध्या तासाच्या बोलीवर टाकलेला चहा आटून पातेल्याला चिकटला होता.

त्यांनी तेच पातेलं ऐटीत घासायला घेतलं. लेकराला पायांवर घेऊन झोका देत!