शिक्षेचं सर्टिफिकेट

इंदूरच्या पलासियातल्या बँकेचा जिना चढताना वसुंधराने नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं, "जास्त बोलायचं नाही. ऐंशी हजार आहेत, ऐंशीच म्हणायचं." अरविंदने मान डोलावली. पण जास्त न बोलणं त्याच्या कुंडलीतच नव्हतं.

चार वर्षांपूर्वी साताऱ्याहून बदली होऊन तो इंदूरला, म्हणजे तिच्या माहेरगावी आला आणि पोहे-जिलबीने सहा महिन्यांत गोल झाला. वजन उतरवायला त्याने क्रेडिट कार्डावर ट्रेडमिल घेतली. वजन होतं तिथेच राहिलं, ट्रेडमिलवर चादरी वाळू लागल्या आणि व्याज तेवढं दिवसरात्र धावत सुटलं. आता बँक एक लाख दहा हजारांवर अडून बसली होती. वरचे तीस हजार उभे करायचे तर वसुंधराची स्कूटर विकावी लागणार होती, आणि स्कूटरशिवाय शहराबाहेर सिमरोलच्या कॉलेजातली तिची नोकरी जमणार कशी?

समोरचे वसुली अधिकारी हृषीकेशजी मराठीच निघाले, तेही चार पिढ्यांचे इंदुरी. अरविंदला हायसं वाटलं आणि तो सुटलाच.

"साहेब, ऐंशीच हजार आहेत. ही शिक्षा आता झेपत नाही हो."

हृषीकेशजींनी पेन उचललं. "शिक्षा चालू आहे? किती साल झाले?"

"तीन वर्षं!"

"तुमची एकट्याची?"

"एकट्याची कुठली? हिलासुद्धा."

"वहिनींची पण? वाह!"

ती 'वाह' ऐकून अरविंद चपापला. वसुंधराच्या मात्र लगेच ध्यानात आलं. साताऱ्यात शिक्षा म्हणजे दंड. इंदुरात हिंदीच्या संगतीने शिक्षा म्हणजे शिक्षण. तिने टेबलाखालून चिमटा काढला. अरविंदला वाटलं, ही 'अजून रडा' म्हणतेय.

"ह्या वयात शिक्षा सोसवत नाही, साहेब!"

"असं नका बोलू, अरविंदजी. शिक्षेला उमर नसते." हृषीकेशजी टेबलावर पुढे झुकले. "माझ्या आईने पचपनच्या वयात बी.ए. केलं! चला, शिक्षेसाठी ऐंशी हजारात फाइल बंद करतो. बस, दोघांचे सर्टिफिकेट लावा."

"शिक्षेचं सर्टिफिकेट?" अरविंद किंचाळला. "तुरुंगातून देतात तसं?"

वसुंधराची पंचाईत झाली. गप्प बसावं तर खोटेपणा, बोलावं तर स्कूटर जाते. पण लबाडी तिला कधी पचली नव्हती. "हे दंडाबद्दल बोलतायत, हृषीकेशजी," ती म्हणाली. "आमच्याकडे शिकत कोणीच नाही."

हृषीकेशजी फाइल उचलून मॅनेजर पूर्णिमाजींच्या केबिनमध्ये शिरले. वसुंधराने मनातल्या मनात स्कूटरचा निरोप घेतला. इतक्यात काचेआड हसण्याचा धबधबा फुटला आणि साहेब डोळे पुसत परत आले.

"मॅडम म्हणाल्या, एकमुश्त, सगळे एकदम देताय आणि खरं बोललात, ऐंशी मंजूर! पण हे रेकॉर्डवर राहील. काही साल नवीन कार्ड नाही मिळणार."

"अय्या, खरंच?" वसुंधरा खुलली. "तेवढं लिहूनच द्या!"

"आणि कारणाच्या खान्यात काय लिहू? 'शिक्षा' तर काटावं लागेल." साहेबांनी तो शब्द खोडायला पेन उघडलं.

"काटू नका हो," वसुंधरा नवऱ्याकडे बघत म्हणाली. "साताऱ्याची झाली मला, इंदूरची मिळाली ह्यांना."